उत्तर बाजूची सलामी

लातूर, ९ जून २०२५

श्री. शेख निजामोद्दीन मिस्त्री,
मुक्काम मुखेड, जिल्हा नांदेड.

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने.

एक. लातूरच्या जुन्या प्रेसच्या आवारातील प्रेसघर, जिथे रुईच्या गाठी बांधल्या जात, फसली १३३४ मध्ये, म्हणजे इ. स. १९२४-२५ साली, बांधले गेले. इमारत शंभर वर्षांची आहे. ती वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे आणि ती यादीत यावी म्हणून सादर झालेला अहवाल माझा आहे.

दोन. मालक विश्वस्त मंडळाने प्रेसघराची चारशे विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका करण्याचे ठरवले. संवर्धन वास्तुविशारद म्हणून माझी, आणि माझ्या शिफारशीवरून मुख्य मिस्त्री म्हणून आपली नेमणूक झाली.

तीन. उत्तर भिंतीला बाहेरून टेकलेला उतरता दगडी चौथरा २ ते १२ मे या काळात, मंजूर नकाशाप्रमाणे, नव्या प्रवेशासाठी काढण्यात आला. तो आपल्या देखरेखीखाली काढला गेला.

चार. २४ मे रोजी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर भिंतीचा मधला बेचाळीस फुटांचा भाग बाहेरच्या बाजूस कोसळला. छपराच्या तीन कैच्या त्याबरोबर खाली आल्या. मनुष्यहानी झाली नाही. सर्व चौदा मजूर त्या वेळी रस्त्यापलीकडे वजनकाट्याजवळ जेवत होते.

पाच. २६ मे रोजी आपण कोणालाही न सांगता लातूर सोडलेत.

सहा. तपासणी पथकाने इमारत ‘वयोमानाने निकामी’ ठरवली आहे. १४ जुलैला वारसा समितीपुढे, प्रेसघराच्या आवारातच, सुनावणी आहे. समितीने पथकाचे म्हणणे मान्य केले, तर प्रेसघर यादीतून वगळले जाईल आणि पाडले जाईल. त्या जागी तीन मजली व्यापारी संकुल येईल. त्याचा नकाशा मी पाहिला. त्यातला जिना कोठून कोठे जातो हे तो काढणाऱ्यालाही सांगता आले नाही.

यावरून निष्कर्ष असा. भिंत वयामुळे पडली असे ठरले तर इमारत जाईल. भिंत कामातील हयगयीमुळे पडली असे ठरले तर इमारत राहील, कारण हयगय दुरुस्त करता येते, वय दुरुस्त करता येत नाही. तेव्हा चौथरा काढताना भिंतीला पुरेसे टेकू दिले गेले नाहीत, असे आपण लिहून द्यावे. मसुदा सोबत जोडला आहे. त्यात आपल्या प्रतिष्ठेला बाधेल असा एकही शब्द येणार नाही याची काळजी मी घेतली आहे. सही उर्दूत चालेल. आपल्यावर कोणतीही कारवाई होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी माझी.

आपण अठरा वर्षे माझ्याबरोबर काम केले आहे. माझ्या कामात शब्दाला किती किंमत असते हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

सात दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

डॉ. सिंधु देवणीकर


लातूर, १९ जून २०२५

श्री. निजामोद्दीन मिस्त्री,

पत्राची पोचपावती १२ तारखेला परत आली. तिच्यावर आपली सही आहे. उत्तर मात्र आलेले नाही.

काल मी दूरध्वनी केला. तो आपल्या मुलीने, कहकशांने घेतला. झालेले बोलणे मी लगेच टिपून ठेवले आहे. त्यात चूक असल्यास तिने दाखवावी.

“अब्बा कामावर गेलेत,” ती म्हणाली. “मदरशाचा हौद बांधायला घेतलाय.”

“माझे पत्र वाचून दाखवलेस?”

“दोनदा. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसले.”

“त्यात हसण्यासारखे काय आहे?”

“ते म्हटले, टेकू द्यायला मी काय दिला नसता? पण जे टेकू होतं तेच काढायला लावलं की. बोलायचं ते मी जागेवरच बोललो, म्हटले.”

“जागेवर बोललेले समितीपुढे चालत नाही. त्यांनी लेखी काय दिले होते?”

ती म्हणाली, “मॅडम, अब्बाला मराठी लिहिता येत नाही, हे तुम्हाला अठरा वर्षांनी आज कळलं का?”

मी दूरध्वनी ठेवला. मुलीला बोलण्याची रीत नीट शिकवलेली दिसत नाही, एवढे नमूद करते.

‘जागेवर बोललो’ यातून आपला रोख २८ एप्रिलच्या प्रसंगाकडे असावा. तो प्रसंग मला पूर्ण आठवतो. विश्वस्तांचे अध्यक्ष आणि त्यांचा अभियंता सुदर्शन माझ्याबरोबर उत्तरेच्या भिंतीपाशी उभे होते. काय काढायचे हे मी खडूने दाखवत होते. आपण पुढे आलात आणि म्हणालात, “मॅडम, ही सलामी हाय. हिला हात नका लावू.”

मी म्हणाले, “सलामी आहे हे मी तेरा वर्षांपूर्वी छापले आहे. पण सलामीचे दिवस आता गेले, निजामोद्दीनभाई. नावात निजाम असला म्हणून तो परत येत नाही.”

अध्यक्ष हसले. सुदर्शन तर त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसला. तो नेहमी एक माप जास्तच हसतो. आपण थापी खाली ठेवलीत, पंचाने हात पुसलेत आणि म्हणालात, “बरं. मग जेसीबी नका आणू. मी हातानं काढतो.”

ज्याला राग येतो तो माणूस काम सोडून जातो. आपण काम सोडले नाहीत. त्यावरून विनोद हा विनोद म्हणूनच घेतला गेला असे मी समजले, आणि माझे ते समजणे वाजवी होते.

उलट त्यानंतर आपलीच शिस्त ढासळली, असे मला खेदाने म्हणावे लागते. आपण भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा टांगलात आणि विश्वस्तांच्या भेटीच्या दिवशीही तो काढला नाहीत. त्याच भिंतीतील पूर्वेकडील दाराच्या घडीव दगडावर खिळ्याने रेघा ओढल्यात, ज्या झाकण्यासाठी मला चुन्याचा हात मारून घ्यावा लागला. शंभर वर्षांच्या दगडावर खिळा! शेवटी आपण मजुरांना जेवणासाठी आवाराबाहेर नेऊ लागलात, ज्यात रोज अर्धा तास जात होता. त्याबद्दल २२ मे रोजी दिलेली माझी लेखी समज आपल्याजवळ असेलच.

हे सगळे मी उगाळत बसणार नव्हते. परंतु आज आवारात पाडकामाचा ठेकेदार येऊन मोजमापाची फीत लावून गेला. मी फाटकात उभी असताना त्याने माझ्यासमोर त्याच्या माणसाला विचारले, “दगड कुठं टाकायचा?” प्रेसघराचा दगड, मिस्त्री. तो ‘टाकण्या’बद्दल बोलत होता.

मसुद्यावर सही करून पाठवावी. पंचवीस दिवस राहिले आहेत.

सिंधु देवणीकर


लातूर, २७ जून २०२५

श्री. निजामोद्दीन मिस्त्री,

कहकशांच्या हातचे पोस्टकार्ड मिळाले. त्यावर एकच वाक्य आहे: ‘अब्बा विचारतात, सलामी म्हणजे मॅडम काय समजल्या?’ ‘विचारतात’मधील पहिले अक्षर दीर्घ काढले आहे. शिक्षिकेच्या हातून हे होऊ नये.

प्रश्नाचा हेतू मला कळलेला नाही. तरीही उत्तर देते, कारण अनुत्तरित प्रश्न मागे ठेवण्याची मला सवय नाही.

प्रेसघराचा मूळ नकाशा मी हैदराबादच्या एका जुन्या दप्तरातून बाहेर काढला. तो उर्दूत आहे, घसट्या अक्षरातला आहे, आणि तो वाचता यावा म्हणून मी दोन वर्षे ती लिपी शिकले. उत्तर भिंतीच्या बाहेरील त्या उतरत्या भागावर नकाशात तीन शब्द आहेत: ‘सलामी, जानिबे शुमाल’. म्हणजे सलामी, उत्तर बाजूस. प्रेस सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी जिल्ह्याचे तालुकदार ती पाहायला आल्याची नोंद दुसऱ्या एका कागदात आहे. या दोहोंवरून मी असे सिद्ध केले, की तो उतरता भाग म्हणजे अधिकाऱ्यांना मानवंदना देण्यासाठी भिंतीला मागाहून जोडलेला चौथरा होता. माझ्या ग्रंथातील चौथे प्रकरण त्यावर आहे. उतारावर पहारेकरी उभे कसे राहत असतील, असा प्रश्न एका परीक्षकाने तेव्हा विचारला होता. मी त्याला सव्वा पानाचे उत्तर दिले होते आणि त्याने पुन्हा विचारले नाही.

जे मागाहून आणि केवळ शोभेसाठी जोडलेले असते ते काढता येते. हा संवर्धनाचा मान्य नियम आहे. त्यानुसार ते काढले.

शिवाय आपण स्वतः २८ एप्रिलला तोच शब्द उच्चारलात. माझ्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘मिस्त्रीही म्हणतो, सलामी आहे. माझ्या वाचनाला दुजोरा.’ आपण दोघे एकच बोलत होतो. मग आता हा प्रश्न कशासाठी?

त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ आपल्याला ठाऊक असेल तर तो लेखी कळवावा.

सिंधु देवणीकर


लातूर, २ जुलै २०२५

निजामोद्दीनभाई,

कळवण्याची गरज उरली नाही.

आवाराला लागून एका क्लासचे वसतिगृह बांधले जात आहे, ते तुम्हाला माहीत आहे. काल सकाळी मी फाटकातून आत जात होते. वरच्या परांचीवरून गवंडी खालच्या माणसावर ओरडला: “अय, खिडकीला सलामी दे की! पाणी काय तुझ्या सासऱ्याच्या घरी पाठवायचं हाय?”

मी थांबले. आपला पहारेकरी गुंडप्पा फाटकाशी तंबाखू मळत होता. मी त्याला विचारले, “गुंडप्पा, सलामी म्हणजे काय?”

त्याला वाटले मी त्याची परीक्षा घेते आहे. “मॅडम, तुम्ही एवढं शिकल्या, आन् मला इचारून राहिल्या?”

“सांग तरी.”

“सलामी म्हंजे उतार. गच्चीला देतेत, खिडकीला देतेत. आन् भिंतीला दिली तर मंग भिंत खाली पाय फाकवून उभी राहते. पैलवान राहतो तशी. आतून रेटा आला तरी हलत न्हाई.” त्याने मळलेली तंबाखू ओठात ठेवली. “आपल्या उत्तरेच्या भिंतीला व्हती की. छपराचा समदा रेटा तिकडंच. दक्षिणेला गोदामं हायेत टेकायला, उत्तरेला कोन हाय? मिस्त्री बोलला न्हाई व्हय तुम्हाला?”

“बोलला.”

“मंग?”

त्या ‘मंग?’चे उत्तर मी तुम्हाला लिहिते आहे, निजामोद्दीनभाई.

यातील सर्वांत वाईट भाग अजून सांगायचा आहे. हा शब्द मला अनोळखी नव्हता. तीस वर्षांत मी तो कामावर शेकडो वेळा ऐकला आहे. ‘गच्चीला सलामी कमी झाली.’ ‘उंबऱ्याला सलामी राहिली.’ तुमच्याच तोंडून ऐकला आहे. परंतु तो गवंड्यांचा शब्द होता. तो माझ्या कानावरून जात असे, आणि मी माझ्या टिपणात ‘ढाळ’ असे शुद्ध करून लिहीत असे. तोच शब्द जुन्या कागदावर, उर्दू अक्षरांत भेटला, तेव्हा तो मला दरबारी वाटला. नकाशा काढणारा माणूसही कोणा गवंड्याशी बोलूनच तो काढत होता, हे माझ्या मनात आले नाही. तुम्ही म्हणालात, सलामी आहे. मी म्हणाले, सलामी आहे. तुम्ही मला थांबवत होता आणि मी ते अनुमोदन म्हणून लिहून घेतले.

वरून तुमच्या नावावर ते वाक्य बोलले.

गुंडप्पाने मग मला मागच्या कुंपणाकडे नेले. तुम्ही काढलेले दगड मी अनेकदा पाहिले होते आणि ते रचण्यात तुम्ही वेळ दवडता असे सुदर्शनला म्हटलेही होते. ते ढीग नाहीत. नऊ रांगा आहेत आणि प्रत्येक रांग एक थर आहे. खालचा थर कुंपणाजवळ, वरचा रस्त्याकडे.

“मिस्त्री म्हटला,” गुंडप्पा म्हणाला, “आज मला काढायला लावून राहिल्या, उद्या ह्याच परत लावाया सांगतील. तवा शोधत बसाया नको.” आणि तो हसला. मीही हसावे अशी त्याची अपेक्षा होती.

आता मी जे लिहिते ते नीट ऐका. पथकाचे म्हणणे खोटे आहे. भिंत म्हातारी झाली नव्हती; तिचा पाय कापला गेला. सलामी परत लावली तर प्रेसघर आणखी शंभर वर्षे उभे राहील. हे समितीला पटवायला मला तुम्ही हवे आहात. मात्र सलामी का काढली, कोणाच्या वाचनावरून काढली, याचा उल्लेख सुनावणीत येण्याची आवश्यकता नाही. ‘काम करताना भिंतीचे स्वरूप लक्षात आले नाही’ एवढे मोघम वाक्य दोघांच्या सहीने देता येईल. माझा ग्रंथ तीन विद्यापीठांत लावला आहे. चौथे प्रकरण पडले तर बाकीच्या प्रकरणांवर कोण विश्वास ठेवील? शब्दाची गोष्ट आपल्या दोघांत राहावी, अशी माझी विनंती आहे.

विनंती हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

शनिवारी मी मुखेडला येते. तुम्ही घरी असावे.

सिंधु देवणीकर


लातूर, ७ जुलै २०२५

निजामोद्दीनभाई,

शनिवारी काय झाले हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पडद्यापलीकडे बसला होता. तरीही लिहिते. यापुढे या प्रकरणातले काहीही मी केवळ बोलण्यावर सोडणार नाही.

मी एसटीने आले. कहकशांने दार उघडले, चहा दिला आणि सांगितले, “अब्बा आत आहेत. भेटणार नाहीत.”

“मी चार तास प्रवास करून आले आहे.”

“ते अठरा वर्षं येत होते, मॅडम.”

मी तिच्या हातात दोघांच्या सहीचा मसुदा दिला. तिने तो तिथेच उभ्याने, तुम्हाला ऐकू जाईल असा, मोठ्याने वाचला. ‘काम करताना भिंतीचे स्वरूप लक्षात आले नाही.’ ती थांबली. “कोणाच्या?” तिने विचारले. “वाक्याला कर्ता नाही, मॅडम. आमच्या चौथीच्या पोरांचे असल्या वाक्याला मार्क जातात.”

माझे गुण कापणारे माणूस मला फार वर्षांनी भेटले. तिचे म्हणणे बरोबर होते.

मी म्हणाले, “तुझ्या अब्बांनी मला एक शब्द जरी लेखी दिला असता तर मी थांबले असते.” हे मी तेव्हाही खरे मानत होते.

तेव्हा पडद्यामागून तुमचा आवाज आला. तुम्ही माझ्याशी नाही, तिच्याशी बोललात. “बेटा, मॅडमला इचार, दाराच्या दगडाला चुना किती हात मारला?”

“एक हात,” मी म्हणाले.

“मग निघंल,” तुम्ही म्हणालात. मी चहा संपवला आणि निघाले.

काल सकाळी मी बादली, काथ्या आणि ब्रश घेऊन गेले. गुंडप्पा म्हणाला, मी करतो. मी नको म्हणाले. चुना निघायला तीन तास लागले. पडलेल्या भागाच्या कडेला ते दार अजून उभे आहे आणि त्याच्या बाजूच्या दगडावर अकरा उभ्या रेघा आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे त्या दिवशीची ओळंब्याची जागा, आणि तिच्याखाली उर्दू आकड्यांत तारीख आहे. जी लिपी शिकल्याचा मी जन्मभर अभिमान बाळगला, त्याच लिपीत तुम्ही लिहिले होते. मला ते वाचता येत होते. मी त्यावर चुना मारला.

२८, २९ आणि ३० एप्रिलच्या रेघा एकमेकींवर आहेत. नख जाईल एवढीही जागा त्यांच्यात नाही. सलामी जागेवर होती तोवर ओळंबा हलला नव्हता. ५ मेची रेघ दोऱ्याइतकी बाजूला आहे. १२ मेची बोटाच्या पेराएवढी. त्यानंतर अंतरे वाढत जातात. शेवटची रेघ २१ मेची आहे आणि तिच्या तारखेखाली एक शब्द कोरला आहे: ‘बाहर’.

२१ मे. त्याच दिवसापासून तुम्ही मजुरांना जेवायला काट्याजवळ नेऊ लागलात. २२ मेला मी लेखी समज दिली, की हे बंद करावे. २३ला तुम्ही त्यांना नेले. २४ला नेले. बारा चाळीसला ते चौदा जण डबे उघडून बसले होते.

माझ्या पहिल्या पत्रात चौथ्या मुद्द्यात मी लिहिले होते: ‘मनुष्यहानी झाली नाही.’ त्या वाक्यालाही कर्ता नव्हता.

सोबतच्या निवेदनाची तीन पाने आहेत. त्यात प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. नकाशातील शब्द मी चुकीचा वाचला. मिस्त्री निजामोद्दीन यांनी मला थांबवले. मी त्यांचा सर्वांसमोर उपमर्द केला, आणि काय बोलले ते वाक्य शब्दशः दिले आहे. भिंतीचे सरकणे त्यांनी तारीखवार नोंदवले. ती नोंद मी झाकली. माणसे त्यांनी वाचवली. त्याबद्दल मी त्यांना समज दिली. ९ जूनला मी त्यांना खोट्यावर सही करायला सांगितले. रोजनिशीचे पान जोडले आहे. चौथे प्रकरण मी मागे घेते, हेही त्यात आहे. निवेदन आज सकाळी समितीकडे पोहोचले आणि त्याची पोच माझ्याजवळ आहे. ते आता मला परत घेता येणार नाही. मी स्वतःला ओळखते. घेता येत असते तर उद्या सकाळपर्यंत मी ते नक्कीच परत घेतले असते.

परंतु एवढ्याने प्रेसघर वाचत नाही. समिती विचारील, या रेघा कोणी ओढल्या, कधी ओढल्या, आणि मागाहून ओढल्या नाहीत कशावरून? जिने एकदा खोटा मसुदा केला, तिच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवील? मीही ठेवला नसता. त्या रेघा ज्याच्या आहेत त्यानेच त्या वाचून दाखवल्या पाहिजेत. पाडकामाच्या ठेकेदाराने फाटकाची एक झडप काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे. सात दिवस आहेत.

क्षमेबद्दल मी या पत्रात काही मागितलेले नाही. ते मागण्याचा अधिकार माझ्याजवळ आहे असे मला वाटत नाही, आणि ते एका पत्रात मावण्यासारखेही नाही. मी दोनच गोष्टी विचारते. १४ तारखेला सकाळी अकरा वाजता तुम्ही त्या दारापाशी उभे राहून समितीला त्या अकरा रेघा सांगाल का? आणि कुंपणाजवळच्या नऊ रांगा तुमच्या हाताने परत लागतील का? दुसऱ्या कोणाच्या हाताने त्या लागू देण्याचा माझा विचार नाही. पहिल्या दिवशी मी तिथे असावे की नसावे, तेही तुम्ही ठरवा.

कहकशां, हे पत्र मोठ्याने वाचताना काहीही गाळू नकोस. माझ्या लिहिण्यात चूक सापडली तर खाली लाल शाईने दुरुस्त करून पाठव.

निजामोद्दीनभाई, येणार की नाही, ते मला बोलून कळवू नका. बोललेले मला ऐकू येत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. उर्दूत लिहा. मी ते वाचीन, आणि काय वाचले ते मान्य करण्याआधी तुमच्या मुलीला त्याचा अर्थ विचारीन.

उत्तर लेखीच हवे. कागदावर द्यायचे नसेल तर दाराच्या दगडावर बारावी रेघ ओढून तिच्याखाली द्या. तिथे जागा मी स्वच्छ करून ठेवली आहे.

सिंधु देवणीकर